डोळे मिटून ऐका

मी दुभाषी आहे. ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी खुणांच्या भाषेत बोलते. आमच्या कामाला एकच नियम: खोलीत जे बोललं जाईल ते सगळं हातांनी सांगायचं आणि हातांनी जे सांगितलं जाईल ते सगळं तोंडानं बोलायचं. पदरचं घालायचं नाही, नकोसं गाळायचं नाही. ही भाषा मी वर्गात बसून शिकले नाही. माझा दादा जन्मापासून बहिरा. कपड्यांच्या दुकानात गेलो की दुकानदार शर्ट त्याच्या अंगाला लावून बघायचा आणि विचारायचा मला, "याला आवडला का?" मी सात वर्षांची, दादा चौदाचा. तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला फार वेळ लागत नाही.

तर, चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या एका कारखान्यानं मला दोन दिवसांसाठी बोलावलं. तिथल्या तपासणी विभागात एक गृहस्थ बावीस वर्षं नोकरीला होते. दिव्यासमोर भिंग धरलं की केसाएवढा ओरखडाही त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. त्यांना ऐकू येत नव्हतं. सुपरवायझरच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे आलं होतं, पण त्याआधी संवादकौशल्य आणि सौजन्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण पुरं करणं सक्तीचं होतं.

प्रशिक्षक बाहेरचे होते. काय शिकवणार ते आधी कळलं तर खुणांची तयारी करता येते, म्हणून मी त्यांना तीन मेल पाठवले होते. एकाचंही उत्तर नाही. पहिल्या दिवशी त्यांच्या दुसऱ्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत आलं, 'आलेल्या प्रत्येक निरोपाला चोवीस तासांत उत्तर द्या.' मी ते मुकाट्यानं हातांनी सांगितलं.

"मॅडम, तुम्ही जरा त्या कोपऱ्यात उभ्या राहा ना," पाचव्या मिनिटाला ते मला म्हणाले. "सगळ्यांचं लक्ष तुमच्या हातांकडे जातंय."

"सर, कोपऱ्यात गेले तर यांना पडदा आणि मी एकदम दिसणार नाही."

"करतील हो ते अ‍ॅडजस्ट. त्यांना सवय असेल."

भिंगकाकांनी खुर्ची स्वतःच तिरकी केली. सकाळभर त्यांची मान पडद्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून पडद्याकडे फिरत होती. दोनदा त्यांनी हात वर केला. दोन्ही वेळा प्रशिक्षक मला म्हणाले, "त्यांना सांगा, प्रश्न शेवटी." शेजारच्या तरुण इंजिनीअरचे प्रश्न मात्र मध्येच चालत होते. त्याला तर शाबासकीही मिळाली, 'प्रश्न विचारणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं' म्हणून. हेही मी सांगितलं. भिंगकाकांनी भुवई तेवढी उंचावली.

चहानंतर एक खेळ झाला. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि फक्त ऐकायचं. "डोळे उघडे असले की माणूस ऐकतो कमी," प्रशिक्षक म्हणाले. चौदा जणांनी डोळे मिटले. भिंगकाका तेवढे माझ्याकडे बघत राहिले. डोळे मिटले तर त्यांच्यासाठी जगच बंद, हे प्रशिक्षकांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते माझ्याजवळ आले, भिंगकाकांकडे बघून गोड हसले आणि मला म्हणाले, "यांना राहू दे हो. एवढ्या खोलातलं यांना काय कळणार? बसवून ठेवा नुसतं. हजेरीचं सर्टिफिकेट देऊन टाकू, कंपनीही खूश."

माझे हात हलत होते. एकही शब्द मी सोडला नाही, ते गोड हसूसुद्धा चेहऱ्यावर जसंच्या तसं आणलं.

"हे काय करताय तुम्ही?" प्रशिक्षक दचकले. मी तेही सांगितलं. "अहो, मी तुमच्याशी बोलत होतो!" तेही सांगितलं.

"सर, खोलीत जे बोललं जातं ते यांचं असतं," मी म्हणाले.

आणि खोली अगदी शांत होती. चौदा माणसं डोळे मिटून, कानांत प्राण आणून ऐकत होती! एकेकानं डोळे उघडले.

भिंगकाका उभे राहिले. त्यांचे हात बोलू लागले आणि माझं तोंड. आमच्या रीतीप्रमाणे मी 'ते म्हणतात' असं म्हणत नाही, 'मी' म्हणते. म्हणून खोलीत आवाज माझा आणि बोलणं त्यांचं होतं.

"सकाळी तुम्ही माझं नाव या बाईंना विचारलंत. उत्तर मी दिलं, तरी तुम्ही यांच्याकडेच बघत होतात. मी बावीस वर्षांत एक दिवस दांडी मारलेली नाही, तेव्हा हजेरी मला भरपूर आहे. मला नुसतं बसवून ठेवू नका. शिकवा तरी, नाहीतर नापास तरी करा."

प्रशिक्षकांनी घसा साफ केला. "मी तुमच्या भावना समजू शकतो," ते म्हणाले. हे वाक्य सकाळच्या सहाव्या स्लाइडवर होतं, 'चिडलेल्या माणसाला शांत कसं करावं' या मथळ्याखाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. आणि हे वाक्यसुद्धा साहेब म्हणाले ते माझ्याकडे बघून.

दुपारी मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही मर्यादा ओलांडलीत अशी सरांची तक्रार आहे. एखादी गोष्ट सांगू नये, एवढं तारतम्य नको का?"

"ती गोष्ट बोलू नये, एवढं तारतम्य त्यांना नको का?" मी म्हणाले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. घरी येऊन मी भांडी अशी घासली की आईनं विचारलं, "कुणाचा राग काढतेस त्या पातेल्यावर?"

दुसऱ्या दिवशीची हकिगत मला त्याच वर्गात बसलेल्या, पॅकिंगमधल्या मावशींनी फोनवर सांगितली. भिंगकाका वेळेवर आले. त्यांनी एका कागदावर 'मला दुभाषी हवी' असं लिहिलं आणि तो कागद प्रशिक्षकांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला, त्यावर स्वतःचा मोबाइल ठेवला आणि शिकवायला सुरुवात केली. मावशी उठल्या. "सर, यांना उत्तर द्यायचं राहिलं."

"ते आपण नंतर बघू."

"मग आम्हीही नंतरच येतो," असं म्हणून मावशींनी पर्स उचलली. त्यांच्यामागे आठ जण उठले. पाच बसून राहिले. त्यांना सर्टिफिकेट हवं होतं आणि मी त्यांना बोल लावत नाही. पण नऊ रिकाम्या खुर्च्यांसमोर सौजन्य शिकवणं अवघडच. जेवणाच्या सुट्टीआधी वर्ग बंद झाला.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाई शिकवायला आल्या. त्याच दुभाषीबाईंना परत बोलावल्याशिवाय वर्गात बसणार नाही, असं भिंगकाकांनी लिहून दिलं होतं, म्हणून मीही आले. या बाईही काही देवता नव्हत्या. फळ्याकडे तोंड करून बोलायच्या आणि माझी धावपळ व्हायची. पण भिंगकाकांनी हात वर केला की त्या वळायच्या, त्यांच्याकडे बघायच्या आणि वाट बघायच्या. काका पास झाले. पुढच्या महिन्यात सुपरवायझर झाले.

पहिल्या प्रशिक्षकांचं पत्रही आलं. 'माझ्या बोलण्यातून कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे.' पत्र होतं कारखान्याच्या मॅनेजरना. भिंगकाकांचा त्यात उल्लेखही नव्हता. ते महाशय अजून गावोगाव सौजन्य शिकवतात. मला मात्र त्यांच्या तक्रारीवरून आमच्या दुभाष्यांच्या संस्थेनं, हा कारखाना सोडला तर, दोन महिने दुसरं काम दिलं नाही.

भिंगकाकांनी ते पत्र मला दाखवलं आणि हसले. मला हसू येईना. मनात एक वेगळीच बोचणी होती, ती मी तेव्हा बोलून टाकली. "काका, नियम होता हे खरं. पण ते सांगताना मला बरंही वाटत होतं. तुम्हाला लागेल हे माहीत असूनही."

त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली, म्हणजे हात मोकळे झाले. मग म्हणाले, "तो माझ्याकडे बघून हसला होता. तू सांगितलं नसतंस, तर मीही त्याच्याकडे बघून हसलो असतो."