बाजारच्या दिवशीचं पंपिंग

"हृदयाचं पंपिंग सेहेचाळीस टक्के," डॉक्टर मेघा म्हणाल्या, अन् बंडूजी खुर्चीतून उठून उभाच राहिला. पंचावन्नच्या वर पाहिजे म्हणे! म्हणजे शालूबाईचं हृदय अधू? सकाळी वांग्याचं पोतं डोक्यावर घेऊन एसटीत चढलेली त्याची बायको? हिंगणघाटच्या बाजारात दुपारी तिला चक्कर आली, म्हणून तो तिला दवाखान्यात घेऊन आला, तर हे ऐकायला मिळालं. बंडूजीनं मनातल्या मनात देवाला चार शिव्या हासडल्या.

"काऊन झालं असं, मॅडम?"

डॉक्टर मशीनच्या पडद्यावरून नजर काढेनात. "हृदयाकडे रक्त नेणारी ही मोठी शीर पार चपटी दिसतेय. मावशी, शेवटचं पाणी कधी प्यालात?"

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. "काल राती."

"एवढ्या उन्हात?" बंडूजी भडकलाच. "माह्या बाजूले भरलेली बाटली होती न!"

"अन् मंग बायाईनं जावं कुठं?" शालूबाई फणकारली. "तुमी जाता भिंतीमागं. बाजारच्या दिवशी आमी कोणीच पाणी नाई पीत."



डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाल्या, "हृदयात रक्त कमी भरलं, की ते नीट ताणलं जात नाही. ताणलं नाही, की जोरानं आवळतही नाही, आणि आकडा कमी येतो. हृदय खरंच थकलंय का, ते भरून बघितल्यावरच कळेल."

"म्हणजे विहीर आटली असन अन् आपण मोटरले नावं ठेवून राह्यलो?"

"असेल तसंही. थांबा जरा."

दोन तास बंडूजी बाकड्यावर नुसता चुळबुळत होता. चहाही घेतला नाही. पुन्हा तपासणी झाली.

"सत्तावन्न," डॉक्टर हसल्या. "शीरही भरली. हृदय ठणठणीत आहे तुमचं, मावशी."

बंडूजी भर दवाखान्यात ढसाढसा रडला. जीव असा भांड्यात पडला, की लाजबीज सगळी विसरला.

"अवो, रडून काऊन राह्यले? मी जित्ती हाव न!"

"तीस वर्षं तुह्या बाजूले बसून भाजी इकली," तो डोळे पुसत म्हणाला, "अन् मले मालूमच नाई." मग त्यानं पेला भरला. "घे, पी."

शालूबाईनं मान वळवून आधी बाथरूमचं दार कुठं आहे ते पाहिलं, अन् मगच पेल्याला हात लावला.