गोजाबाईचा रविवार

“गोजाबाईला रविवार म्हणजे झोपेचा वार,” रावजी पंच म्हणाले आणि आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकसाहेबांच्या ओट्यावर हशा पिकला. मीही हसले. मंडळीच्या हजेरीची वही माझ्याच मांडीवर होती.

ते १९३१ साल असेल. मी एकोणीस वर्षांची, सोलापुरात मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकती शिक्षिका झालेली. देवळातली हजेरीही मीच मांडायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी, असे. ते सलग तीनदा चुकलं की सभासदांतून नाव कमी, असा नियम. गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या गोजाबाईचं दोनदा चुकलं होतं. ते पंचांच्या कानावर मीच मोठ्या तत्परतेनं घातलं होतं. माझी स्वतःची एकही गैरहजेरी नव्हती.

“परवा आली नाही तर नाव जाईल, एवढं तिला सांगा,” पाळकसाहेब म्हणाले.

रविवारी सकाळी इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून मी तिच्या चाळीत गेले. तिच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत गुरम्मा नावाची तेलुगू विणकरीण कुशीवर पडलेली. अर्धं अंग लुळं, मागे-पुढे कोणी नाही. गोजाबाई गुडघे टेकून कडुलिंबाच्या पाण्यानं तिच्या पाठीच्या जखमा धूत होती.

“सलाम, मास्तरीणबाई. बसा की. हात वले हायती.”

मी निरोप सांगितला. तिचा हात थांबला.

“म्हंजी परभूच्या मेजावर मला जागा न्हाय?”

“आज आलात तर आहे.”

“आज कशी येऊ, बाई? गिरणीला सुट्टी आजच. नळ दहाला जातो. हिच्या पाठीकडं कोण बघंल?”

“मग हे कधी सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर समदी मंडळी बघाया आली असती. हिला लाज हाय की.”

गुरम्मा मान जराशी माझ्याकडं वळवून म्हणाली, “गोजा, तुझी मास्तरीण नाकाला पदर लावती. जाऊ दे तिला. हितं पडंल, आन तुला दोघींना धुवावं लागंल.”

मी पदर खाली घेतला.

तेवढ्यात देवळाची पहिली घंटा झाली. गोजाबाईनं मान वर केली नाही. फडक्यातलं पाणी संपलं तरी ती ते पिळतच राहिली.

“द्या ते इकडं,” मी म्हणाले. “तुम्ही जा.”

“आन तुमची हजेरी?”

“जा म्हणते ना!”

ओल्या काठाच्या लुगड्यानंच ती निघाली. दारातून परत वळली. “डाव्या बाजूला हळू पुसा, बाई. तितं लई दुखतंय तिला.”

गुरम्मा होती तोवर, पुढची दोन वर्षं, आम्ही पाळी लावून घेतली: एक रविवार देवळात ती, एक रविवार मी. गोजाबाईनं कुणाकडं चकार शब्द काढला नाही. ती वही अजून माझ्या पेटीत आहे. माझ्या नावापुढं एकाआड एक रिकामे चौकोन आहेत.

“काय बाई,” रावजी पंचांनी एकदा भर ओट्यावर विचारलं, “तुम्हालाही रविवारची झोप लागू लागली वाटतं?”

सगळे हसले. हातांना कडुलिंबाचा वास येत होता. मी ते पदराखाली घेतले.

“व्हय,” मी म्हणाले.