बेभानची सोळा गाणी

शाळेतला पियानो झाकून संगीताच्या बाई डबा उघडत होत्या, तेवढ्यात रेकॉर्डिंगवाल्या दादांचा फोन आला. चोवीस वर्षांत दादांनी फार तर चार वेळा फोन केला असेल, त्यामुळे कोणीतरी गेलं असंच बाईंना आधी वाटलं.

"ताई, बसलाय ना? 'बेभान'चा अल्बम निघतोय. सर्वोत्तम सोळा गाणी."

"सोळा?" बाई म्हणाल्या. "सर्वोत्तम राहू द्या, त्यांची वेगळी अशी तरी सोळा आहेत का?"

दादा हसले. "तुम्ही एकदा स्टुडिओत या. फोनवर नाही सांगता येणार."

'बेभान' म्हणजे पाच पोरांचा बँड. कंपनीने ही पोरं कपड्यांच्या जाहिरातीतून उचलली होती आणि गाता येतं का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. गाणी सगळी एकाच ठशातली. 'थांब ना गं', 'बघ ना गं', 'बोल ना गं'. ती मुलगी कधी थांबली नाही की बोलली नाही, म्हणूनच एवढी गाणी झाली, असं बाई म्हणायच्या. म्हणायच्या म्हणजे फक्त नवऱ्याला. इतर कोणाला सांगायची सोय नव्हती. कारण बँडमधल्या देखण्याचा, पोस्टरवर मधोमध असायचा त्याचा, तो जरा घोगरा, कोवळा, पोरींना वेड लावणारा आवाज मुळात बाईंचा होता. तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, कोरसमध्ये गायच्या, आणि त्यांचा आवाज बाईमाणसाच्या मानाने खालचा होता. तीन वर्षं त्या काचेच्या खोलीत उभ्या राहून 'ना गं, ना गं' करत राहिल्या. कुठे वाच्यता करायची नाही, असं सही करून दिलेलं होतं.

त्यानंतर दुकानात कुठे ते गाणं लागलं, की बाई नाक मुरडत. "काय दळण आहे!" असं म्हणत. पण गाणं संपेपर्यंत साबणाच्या फडताळापाशीच घुटमळत. नवऱ्याच्या ते कधीच लक्षात आलं होतं. तो गुपचूप सामानाची ढकलगाडी धरून उभा राहायचा.

शनिवारी बाई स्टुडिओत गेल्या. सोफ्यावर पाचही जण बसले होते. चव्वेचाळीस-पंचेचाळिशीचे बाप्ये, पण बसण्याची ढब तीच, पाय फाकून, जणू समोर फोटोवाला आहे. टोपीवाला अजूनही टोपीतच होता. आता तिच्याखाली झाकायला टक्कल होतं. जाड्या बारीक झाला होता. उरलेल्या दोघांना तर तेव्हाही कोणी नावाने ओळखत नसे. आणि देखणा अजून देखणा होता, याचाच बाईंना जास्त राग आला.

त्यांचं भांडण चाललं होतं ते मुखपृष्ठावरच्या फोटोवरून.

"मी परत कडेला?" टोपीवाला म्हणत होता. "मागच्या वेळी कोणीतरी मला अर्धा कापला होता!"

"कोणाच्या लक्षात आलं का पण?" जाड्या म्हणाला.

कंपनीची मॅनेजर, कडक इस्त्रीची बाई, टाळ्या वाजवून म्हणाली, "आधी गाणी ऐकू या. जुन्या फिती स्वच्छ केल्यात. प्रत्येकाचा आवाज आता वेगळा ऐकता येतो."

दादांनी बाईंकडे पाहिलं. फोनवर न सांगता येणारी गोष्ट हीच होती.

त्यांनी 'थांब ना गं' लावलं आणि देखण्याचा ट्रॅक तेवढा चालू ठेवला. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग च्युइंगगम चघळल्याचा. मग एक भेदरलेला, सपाट आवाज, सुराच्या आसपाससुद्धा न फिरकणारा. मध्येच तो "सॉरी, सॉरी" म्हणाला आणि पुन्हा तस्साच चुकला.

जाड्याला हसू आवरेना. "हा कोण बाबा?"

"दुसऱ्याचं लागलंय चुकून," देखणा अगदी निवांत म्हणाला. "पुढचं लावा, दादा. माझं पुढे असेल."

दादांनी पुढचा ट्रॅक लावला. खोली भरून तो आवाज आला.

"हां! हा बघा मी," देखणा म्हणाला आणि डोळे मिटून मान डोलवायला लागला.

बाईंना वाटलं होतं, हा आयुष्यभर खोटं बोलत आलाय. त्यासाठी त्यांनी चोवीस वर्षं त्याच्यासाठी एक खास शब्द राखून ठेवला होता. आता समजलं की तो खोटंही बोलत नव्हता. मंचावर ओठ हलवता हलवता, मुलाखती देता देता त्या गाढवाला खरंच वाटायला लागलं होतं.

"ती मी आहे," बाई म्हणाल्या.

देखण्याने डोळे उघडले. बाकीचे चौघे बुटांकडे बघायला लागले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मॅनेजरने घाईघाईने सूत्रं हाती घेतली. "मॅडम, म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं. अल्बममध्ये एक नवीन गाणं हवंय, 'आठव ना गं'. आवाज तोच लागेल. लोकांची तीच अपेक्षा असते."

"गाईन. पण नाव घालाल?"

"विशेष आभारांत नक्की घालू," मॅनेजर उदारपणे म्हणाली. "आतल्या पानावर. केशरचना, वेशभूषा, शीतपेयं, सगळ्यांचे आभार मानतोय आम्ही."

"मी केसवाल्याच्या आधी की नंतर?"

"अक्षरानुक्रमे," मॅनेजर म्हणाली. तिला विनोद कळला नव्हता, किंवा तो विनोदच नव्हता.

बाईंनी पर्स उचलली. देखण्यासमोर जाऊन म्हणाल्या, "माइक तिथे आहे. गाणं तुझं आहे. गा."

देखणा त्यांच्या मागोमाग गाडीतळापर्यंत आला. उन्हात तो एकदम वयस्कर दिसला.

"ताई, एक सांगू? माझ्या मुलीला मी गाणं म्हणून दाखवतो ना, तर ती म्हणते, बाबा, तुम्ही रेकॉर्डवर किती छान म्हणता, घरी असं काय करता? मला वाटायचं, रियाज सुटलाय."

बाई किल्ली शोधत होत्या, त्या थांबल्या. त्यांना त्याची कीव येऊ घातली होती. चांगली यायला लागली होती.

"म्हणून म्हणतो," देखणा पुढे म्हणाला, "एवढं एक गाणं म्हणून टाका ना. कोणाला कळणार आहे?"

कीव जिथून आली तिथे परत गेली. बाईंनी गाडीचं दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी अल्बम आला. 'आठव ना गं' देखण्यानेच गायलं होतं. दादांनी फोनवर सगळं सांगितलं: एकेक अक्षर सुटं रेकॉर्ड केलं, मग मशीनने ओढून-ताणून सुरात बसवलं. "इस्त्री केलेला चेहरा वाटतो, ताई. मला तर लाज वाटली."

बाई मनातून खूश झाल्या. आता फजिती होणार. आता लोक म्हणणार, हा तो आवाज नव्हे. रोज सकाळी त्या पेपर उलटून पाहायच्या.

"काय शोधतेस गं?" नवरा विचारायचा.

"काही नाही हो."

कोणी काहीच म्हणालं नाही. अल्बम धो धो चालला. दुकानात, दवाखान्यात, बसथांब्यावर, जिथे तिथे 'आठव ना गं'. इतकी वर्षं बाईंनी त्या पाचांना नावं ठेवली होती. आता त्यांनी ऐकणाऱ्यांनाही त्यात घेतलं. कान म्हणायचे की काय ते! केसांची बट अडकवायला ठेवलेत नुसते.

शेवटी भूगोलाच्या बाईंमुळे कडेलोट झाला. शिक्षकखोलीत नकाशे गुंडाळत त्या गुणगुणत होत्या, आणि म्हणाल्या, "नवीन गाणं तर सगळ्यांत गोड आहे. चोवीस वर्षांनी आवाज अगदी तसाच्या तसा ठेवलाय हो त्याने!"

"तो त्याचा आवाज नाहीये," संगीताच्या बाई म्हणाल्या.

"मग कोणाचा?"

"नव्या गाण्यात मशीनचा. आणि जुन्या गाण्यांत माझा."

म्हटलं आणि झालं. सही, करार, सगळं गेलं खड्ड्यात. भूगोलाच्या बाई आधी गोंधळल्या, मग खो खो हसल्या. "काहीतरीच तुमचं!"

संगीताच्या बाई उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून, डोळे उघडे ठेवून त्यांनी 'थांब ना गं'ची पहिली ओळ म्हटली. पन्नाशीचा आवाज, पण घोगरेपणा तोच, 'गं'वरची ती हलकी गिरकीही तीच. वह्या तपासणारे दोघे-तिघे मान वर करून ऐकत राहिले. इतक्या वर्षांत त्या ओळीसाठी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच कोणी पाहत होतं.

"अय्या!" भूगोलाच्या बाई ओरडल्या. "हुबेहूब! डोळे मिटले तर तोच उभा आहे असं वाटतं! काय नक्कल करता हो तुम्ही, आम्हाला कधी बोलला नाहीत ते!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संगीताच्या बाईंनी एकेकाकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या.

दुपारी सूचनाफलकावर शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाची यादी लागली होती. चौथ्या ओळीत भूगोलाच्या बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'संगीताच्या बाई – नक्कल.'

बाईंनी ते खोडलं नाही. खोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगून झालं होतं.