भिंतीपलीकडचा वाढदिवस

बाहेर बर्फ पडत असताना सकाळी सातला घरातली हवा बदलायला सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटं कुडकुडत उभं राहायचं आणि मग त्या लावून घेऊन पुन्हा घर तापवत बसायचं. याला शहाणपण म्हणतात म्हणे. मानाना लोमीद्झेला हे शहाणपण शेजारच्या ब्रुंकेननं शिकवलं. ती जॉर्जियातल्या कुताइसीची, बावन्न वर्षांची, इथं वृद्धाश्रमाच्या चादरी धुवायला आलेली. तो कालव्याच्या दारांवर आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेला. बायको वारलेली, मुलगी दूर म्युनिकला. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गजवळच्या त्या गावात दोघांची दारं शेजारीशेजारी, मधली भिंत एकच.

खिडकीमागोमाग बाकीचं आलंच. रविवारी कपड्यांचं मशीन लावायचं नाही. दुपारी एक ते तीन खिळा ठोकायचा नाही. हिरवी बाटली हिरव्या डब्यात, पांढरी पांढऱ्या डब्यात, आणि तीही रविवारी टाकायची नाही, कारण खळकन आवाज होतो. संध्याकाळी पाव आणि चीज थंडच गिळायचं. हा काही नियम नव्हता, पण जिन्यात कांद्याचा वास आला की ब्रुंकेनच्या कपाळाला आठ्या पडत. मानाना मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची. पण खरं सांगायचं तर कामाबाहेर तिच्याशी बोलणारा हा एकच माणूस होता, आणि तोही रागवायला यायचा. एका रविवारी तिनं मुद्दाम मशीन लावलं. तो आला, दारात उभा राहून दहा मिनिटं तिला सुनावून गेला. तो रविवार तिला बरा गेला.

पहिल्याच वर्षी एकदा ती अक्रोडाची वडी घेऊन सहज त्याच्याकडं गेली होती. तिच्या गावात कुणी कुणाकडं असंच जातं, त्यात विचारायचं काय? ब्रुंकेननं दार अर्धंच उघडलं आणि आपलं काही ठरलं होतं का, असं विचारलं. ठरलं कुठलं असायला. ताटली तशीच हातात धरून ती परत आली आणि जन्माची शिकली. या देशात वेळ ठरल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, सख्ख्या बहिणीकडंसुद्धा फोन करून जायचं.

फेब्रुवारीत एक दिवस जिन्यात तो थांबला आणि म्हणाला, "शनिवारी मी पंच्याहत्तरचा होतोय." एवढं बोलून पेपर काखेत मारून वर निघून गेला.

मानाना हरखली. सांगितलंय म्हणजे बोलावणारच की! दोन वर्षांत इथल्या एकाही घरात तिचं पाऊल पडलं नव्हतं. कुणाच्या तरी टेबलाशी आपली एक खुर्ची असावी, कुणीतरी विचारावं, अजून घेता का. एवढ्यासाठी तिचा जीव आसुसला होता. तिनं शनिवारची सुट्टी मागून घेतली. निळ्या ड्रेसला इस्त्री केली. गुरुवारी पत्रांची पेटी दोनदा उघडून पाहिली, शुक्रवारी चारदा. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

शनिवारी दुपारी भिंतीपलीकडं खुर्च्या सरकल्या, कपबशा वाजल्या. मानाना तीन वाजता निळा ड्रेस घालून, चीज भरलेली गरम रोटी फडक्यात गुंडाळून पलंगाच्या कडेला बसली. ऐन वेळी का होईना, घंटा वाजेल. चार वाजले. जिन्यात कुणाची चाहूल नव्हती. पण पाहुणे आधीच आले असतील आणि ही माणसं बोलतात तरी कुठं मोठ्यानं, असं तिनं स्वतःला समजावलं. पाचला तिनं उगाच भांडी घासायला काढली. घासलेलीच पुन्हा घासली. त्याचं ऐकून दोन वर्षं थंडीत खिडक्या उघडल्या आणि या माणसाला एक कप चहा जड झाला, म्हणून नळाखाली हात धरून ती रडली. साडेसहाला तिनं ड्रेस काढून टाकला.

रविवारी सकाळी दहाला घंटा वाजली. ब्रुंकेन दारात उभा होता, हातात लोण्याच्या केकची झाकलेली ताटली.

"तुम्ही काल घरीच होतात, फ्राउ लोमीद्झे," तो म्हणाला. "नळ ऐकू येत होता."

"होते की. तुम्ही बोलावलं नाहीत."

त्याला तिचं म्हणणंच कळलं नाही. "वाढदिवसाला कुणी बोलावतं का? बोलावणं म्हणजे भेटवस्तू मागणं. ज्याला यायचं असेल तो येतो. मी तर तुम्हाला दिवससुद्धा सांगितला होता."

वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस विचारल्याशिवाय यायचं नाही, आणि उरलेल्या एका दिवशी विचारायची वाट पाहायची नाही. हे तिला सांगणार कोण?

"कोण कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

"मुलीचा फोन आला होता." तो ताटलीवरचं झाकण नीट करत बसला. मग हळूच म्हणाला, "दाराला कडी लावली नव्हती. सातपर्यंत नुसतं लोटून ठेवलं होतं. मला वाटलं, माझ्याकडं यायचं तुमच्या मनात नसेल."

"मी तीनपासून निळा ड्रेस घालून बसले होते," मानाना म्हणाली.

ती दाराबाहेर डोकावली. शेजारच्या उघड्या दारातून तिला त्याची खोली दिसत होती. पांढरा टेबलक्लॉथ, सहा ताटल्या, सहा कप, घडी घातलेले सहा रुमाल, सगळं कालचं जसंच्या तसं. चहाचा चमचासुद्धा रात्री खरकटा न ठेवणाऱ्या माणसानं ते टेबल आवरलं नव्हतं.

तिनं त्याच्या हातातली ताटली घेतली, त्याच्या अंगावरून पुढं झाली आणि घरातल्या चपलांनिशी त्याच्या खोलीत जाऊन एका खुर्चीवर बसली.

"आज रविवार," तो दारातूनच म्हणाला. "वाढदिवस काल झाला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "चहा ठेवा."