ट्रेबल थोडा कमी

दातांचे डॉक्टर दिवसभर लोकांना 'आ' करायला लावत आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसत. वय चोपन्न, पण रॉक बँडचा नाद काही सुटला नव्हता. बँडमध्ये चौघं. ड्रम वाजवायला एक धिप्पाड लिफ्ट मेकॅनिक, त्याला सगळे धडाम म्हणत. बेस गिटारवर एक ग्रंथपाल, तो इतकं कमी बोले की त्याचं नाव मौनी पडलं होतं. आणि गायला भूगोलाच्या बाई. पन्नास मुलांचा वर्ग नुसत्या आवाजावर गप्प करणाऱ्या.

गाणी डॉक्टर लिहीत. मिक्सही, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमीजास्त करून जुळवायचं कामही, तेच करत, कारण कॉम्प्युटर त्यांचा आणि रेकॉर्डिंग त्यांच्याच मागच्या खोलीत. ज्याच्या हाती ससा तो पारधी. भिंतीला गाद्या टेकवून, फ्रिज बंद करून तीन रविवारांत एक गाणं रेकॉर्ड झालं. गाद्या झोपायच्या वेळेआधी पलंगावर परत हव्यात आणि फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरायचं नाही, एवढ्याच डॉक्टरांच्या बायकोच्या अटी होत्या. पहिली त्यांनी पाळली.

डॉक्टरांनी पहिलं मिक्स सगळ्यांना पाठवलं. धडामचं म्हणणं पडलं की बँड रजईखाली वाजतोय असं वाटतंय. डॉक्टरांनी ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, वाढवला. मग एकेकाच्या फेऱ्या सुरू झाल्या. धडाम अक्कलदाढ दाखवायच्या निमित्ताने दवाखान्यात आला आणि तोंडात कापूस असतानाच ड्रम वाढवा म्हणाला. बाईंनी मधल्या सुट्टीत फोन करून कळवलं की शब्द कळत नाहीत. डॉक्टरांनी ड्रम वाढवले, बाईंचा आवाज वाढवला, आणि मग स्वतःची गिटार ऐकू येईना म्हणून तीही वाढवली. स्क्रीनवरच्या आवाजाच्या सगळ्या पट्ट्या छताला टेकल्या, लाल दिवे लागले. मौनीने काहीच मागितलं नाही, त्यामुळे त्याचा बेस गाण्यातून केव्हा नाहीसा झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अकराव्या मिक्सपर्यंत बाईंचा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचू लागला. धडामचा कुत्रा गाणं लागलं की खोलीतून उठून जायला लागला. बाईंनी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की कुणीतरी फळ्यावर नखं ओढल्यासारखं वाटतंय. डॉक्टरांना तर सगळं स्वच्छ, लख्ख ऐकू येत होतं. ते फुगले. दोष तुमच्या स्पीकरांत आहे, म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी सरावाला फक्त मौनी आला, आणि दोघंजण दोन तास काहीही न बोलता बसले.

त्याच आठवड्यात डॉक्टरांची थोरली बहीण राहायला आली. ताई इस्पितळात कान तपासायचं काम करून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मागच्या खोलीत बारावं मिक्स चालू होतं. ताई दारात आल्या आणि त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. हा 'स' तुला टोचत नाही का, असं त्यांनी विचारलं. कुठला 'स', असं डॉक्टरांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणीकडून ताईंनी तपासणीचं छोटं यंत्र मागून आणलं आणि रविवारी बँडला चहाला बोलावलं. ताईंना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

खेळ सोपा होता. हेडफोन लावायचा आणि आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. धडाम ठीकठाक पास झाला. बाईही झाल्या. मौनीच्या वेळी ताईंनी आवाज बारीक, आणखी बारीक करत नेला, आणि शेवटी यंत्रच दमलं. सगळा जन्म वाचनालयाच्या शांततेत काढलेले ते कान अगदी कोरे होते.

मग डॉक्टर बसले. खालच्या सुरांना त्यांचं बोट झटकन वर गेलं. मधल्यांनाही गेलं. ताईंनी वरचे, बारीक सूर सुरू केले, तेव्हा बोट गुडघ्यावरच राहिलं. ताईंनी आवाज वाढवला. हेडफोनमधून गळणारी ती बारीक शिट्टी आता खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होती. डॉक्टर हसतमुखाने वाट बघत बसले होते.

"सुरू केलंस का?" त्यांनी विचारलं.

धडाम छताकडे बघत राहिला.

ताईंनी हेडफोन काढून घेतला. "तीस वर्षं कानाशी ड्रिल धरून बसलास," त्या म्हणाल्या. "वरचे सूर तुला आता जवळजवळ ऐकूच येत नाहीत. म्हणून तू ट्रेबल वाढवत जातोस, आणि तो आम्हाला टोचतो."

डॉक्टर उठून स्वयंपाकघरात गेले. नळ अगदी बारीक सोडून त्यांनी कान जवळ नेला. पाणी दिसत होतं. बराच वेळ ते तसेच वाकून उभे राहिले. मग नळ बंद करून बाहेर आले आणि स्वतःची खुर्ची कॉम्प्युटरसमोरून बाजूला सरकवली.

"मौनी, बस," ते म्हणाले.

मौनीने पहिलं काम केलं ते म्हणजे सगळ्या पट्ट्या तळाला आणल्या. सगळ्यात आधी बाईंचा आवाज वर घेतला आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती बसवलं. टोचणारे 'स' एकेक करून खाली दाबले. ड्रमसमोरचे दोन माइक एकमेकांचा आवाज खात होते, त्यातल्या एकाची ध्वनिलहर त्याने कॉम्प्युटरवर उलटी केली आणि धडामचा ठोका पहिल्यांदाच छातीत बसला. डॉक्टरांच्या गिटारमधली, बेसला झाकणारी खालची घरघर त्याने कापून टाकली. डॉक्टरांनी तोंड उघडलं, तसा मौनी म्हणाला, "ती जागा माझी आहे." त्या वर्षातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य असावं. डॉक्टरांनी तोंड मिटलं.

दोन रविवार असे गेले. मौनी सगळं इतक्या हळू आवाजात ऐके की शेजारी सहज गप्पा मारता याव्यात. मोठ्या आवाजात काहीही बरं वाटतं, असं ताई म्हणाल्या, आणि मौनीने मान डोलावली.

मिक्स तयार झालं तेव्हा चौघं ते ऐकायला बाईंच्या छोट्या गाडीत दाटीवाटीने बसले. गाणं लागलं. दुसऱ्या कडव्याला डॉक्टर एकदम सावध झाले. 'तुझ्या आठवणींची मुळं खोल रुजली हिरड्यांत' असं त्यांनी लिहिलं होतं. बाई स्वच्छ गात होत्या, 'खोल रुजली अंगणात'.

"हे अंगण कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवले. "दोन वर्षं सरावातही तेच गातेय मी, डॉक्टर. हिरड्यांवर प्रेमगीत माझ्याच्याने नाही झालं."

मागच्या सीटवर धडामला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी गाणं मागे नेलं, ते कडवं पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं.

"बरं आहे," ते म्हणाले. "राहू दे."

गाणं त्यांनी इंटरनेटवर टाकलं. दोनशे बारा जणांनी ते ऐकलं. त्यातले चाळीसेक धडामचे नातेवाईक होते हे खरं, पण बाकीचे परके होते आणि त्यांतल्या एकाने बेस छान आहे असं लिहिलं. मौनीने तो अभिप्राय कागदावर छापून घेतला.

ताई परत निघाल्या तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या हातात कानात घालायच्या बोळ्यांची डबी ठेवली. "उरलेत तेवढे सूर तरी जप," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून डॉक्टर ड्रिल हातात घेण्याआधी न चुकता कानात बोळे कोंबतात. पेशंटांची मात्र पक्की खात्री झाली आहे की आपलं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे. परवा डॉक्टरांनी बोळे घातल्याबरोबर एका आजोबांनी खुर्चीतूनच त्यांना तसं तोंडावर सुनावलं. माणुसकी म्हणून काही असते की नाही, असंही विचारलं.

डॉक्टरांनी प्रेमाने मान हलवली आणि म्हणाले, "आणखी मोठा आ करा."