कानिफ भेटून जाईपर्यंत

शेळीमागं धावताना मोडलेला मालनबाईचा खुबा दिवाळीआधीच जुळला. डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात दोन चकरा मारायला लावल्या, काठी काढून घेतली आणि सांगितलं, "आजी, आता खुशाल एकट्या राहा."

मालनबाईला तेवढंच पाहिजे होतं. मळ्यातलं तिचं दोन खोल्यांचं घर चार महिने बंद होतं. तिसगावात पोराकडं जेवायला वेळेवर मिळे. पण आपल्या चुलीवर उकळून, आपल्याला पाहिजे तेवढी साखर घालून चहा प्यायला तिचा जीव तुटत होता. तिनं सुनीलकडं किल्ली मागितली.

"अजून कानिफदादा भेटायला यायचाय," सुनील म्हणाला.

आता आजाऱ्याला भेटायची रीत अशी, की सगळ्या सोयऱ्यांनी यायचं, उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवायचा आणि याच दुखण्यानं आपल्या ओळखीतलं कोण गेलं ते सविस्तर सांगायचं. एकूण एक सोयरे येऊन गेले होते. राहिला होता फक्त कानिफनाथ, मालनबाईचा भाचा. तो ऊसतोडीला राहुरीकडं गेलेला.

त्याचा फोन आला. "मावशे, मी आल्याबिगर बरी होऊ नको बरं! तू मला लहानाचा मोठा केला. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"कधी येतोस?"

"कारखाना बंद झाला की. चैतात."

"आरं, चैतापत्तूर मी खाटंवर काय अंडी उबवू?"

पण कानिफ भेटून जाईपर्यंत तिनं आजारीच राहायचं, असं घरातल्यांचं ठरलं. मालनबाई पहाटे उठून झाडलोट करी, भाकरी थापी, आणि दारात जीप थांबली की, न जाणो कानिफच असला तर, म्हणून पळत येऊन खाटेवर पडे. ते पळणं बघून डॉक्टरांनी पेढे वाटले असते.

"आत्याबाई, जरा कण्हा की," सून पूजा म्हणे. "बघणाऱ्याला बरं वाटतं."

महिनाभरात मालनबाईच्या लक्षात आलं, की कण्हायला आता ठरवावं लागत नाही. आपोआप कण्हलं जातंय. पायाला मुंग्या येतायत. एक दिवस तर पूजानं पाणी आणून देईपर्यंत ती तहानलेलीच पडून राहिली, आणि माठ हाताच्या अंतरावर होता. त्या दिवशी ती घाबरली. चैत्रापर्यंत आपण खरंच कामातून जाणार.

दुसऱ्या दिवशी तिनं वाकळ, उशी आणि बिस्किटांचा एक पुडा पिशवीत कोंबला आणि नगरची एस्टी धरली.

"कुठं निघालात, आजी?" कंडक्टरनं विचारलं.

"आजारी पडायला. अर्धं तिकीट दे."

नगरला गाडी बदलली, राहुरीला विचारत विचारत उसाच्या फडावर पोचली. कानिफ मोळी बांधत होता. मावशीला चालत येताना बघून मोळी तशीच टाकून तो उठला.

"मावशे, तू?"

"मी न्हाई. मी कोपीत पडलेय. तू तोंड धुऊन ये."

ती त्याच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या खोपटात गेली, वाकळ अंथरली, आडवी झाली. कानिफ टोपी नीट करून आला. तिनंच आणलेला पुडा त्यानं तिच्या उशाशी ठेवला. बायको स्नेहलनं डोळ्याला पदर लावला.

"लई खराब झालीस गं," कानिफ म्हणाला. "आमच्या मुकादमाची सासू अशीच खुब्यानं गेली."

"व्हय का? बिचारी. अजून कोन?"

त्यानं आणखी दोघांना मारलं.

"आता कसं हाय, मावशे?"

"आता बरं हाय," असं म्हणून मालनबाई उठली, वाकळेची घडी घातली. "सुनीलला फोन लाव. भेटलो म्हनून सांग."

संध्याकाळी सुनीलकडून किल्ली घेऊन तिनं मळ्यातल्या घराचं कुलूप उघडलं. चुलीत धूर झाला, चहा उतू गेला, कुणी काही बोललं नाही. तिनं तीन चमचे साखर घातली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. सुनील होता.

"आई, तू एकटी हायेस म्हनून सोबतीला आलो."

"मग मी एकटी कशी राहीन, बाबा?" मालनबाई आतूनच म्हणाली, आणि बिस्कीट चहात बुडवलं.