दहाव्याला पिनांगची रीत

सेहेचाळीस साली तात्याबांच्या दहाव्याला कावळा निंबावर बसून पिंडाकडे नुसता बघत राहिला. खाली उतरायचं काही नाव घेईना.

तात्याबांच्या भावानं, नानासोनं, हात जोडून विहीर बांधायचं कबूल केलं, पोरीचं लगीन कबूल केलं, बांधाचं भांडण सोडतो म्हणाला. हे शेवटचं इतकं खोटं होतं की कावळ्यानं मान फिरवली. भटजींना दुसरीकडे जेवायला जायचं होतं. ते दर्भाचा कावळा वळायला बसले.

गवताच्या कावळ्यावर बोळवण झाली, तर नवरा अतृप्त गेला हे राहीबाईच्या जिवाला जन्मभर खात राहणार.

"आये," मानसिंग म्हणाला. लढाई संपवून तो महिन्यापूर्वीच मलायातून परतला होता. "पिनांगात आमच्या छावणीम्होरं एकाच गल्लीत मशीद, तमिळांचं देऊळ आन् चिन्यांचं देऊळ. तितली चिनी म्हातारी मेलेल्या नवऱ्याला कागदाचं घर, घोडा, नोकर करून जाळायची. समदं वर पोचतं म्हनायची. शेजारची मलाय बाई तिला काड्याची पेटी द्यायची. आबास्नी काय पायजे आसंल?"

राहीबाईला ते तीस वर्षं ठाऊक होतं. दर जत्रेला हा माणूस तमाशाच्या फडात पहिल्या रांगेत असायचा.

"नाचणारीन कर," ती म्हणाली.

भटजी 'शिव शिव' म्हणाले. मानसिंगनं त्यांच्याच बुक्क्याच्या पुडीचा कागद घेऊन बाई कातरली. तिला कंबर जरा जास्तच दिली आणि पेटवली.

कावळा ढिम्म.

राहीबाईला आनंद झाला. दहाव्याला शोभू नये इतका झाला. मग एकदम रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही तिला राग आला. ती तरातरा निंबाखाली गेली.

"आवं, मग कोन पायजे तुमास्नी? मी? यीन की! पर आवंदा न्हाई जमायचं. रानात ऊस उभा हाय, म्हस गाभन हाय. सवडीनं यीन!"

कावळा उतरला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

"शिवला, शिवला!" सगळे ओरडले. नानासोनं घाईघाईनं हात खाली घेतले.

राहीबाईनं पदरानं नाक पुसलं.

"जित्तेपनी कवा भाकरी बरी झाली म्हनलं न्हाईत," ती म्हणाली, "आन् आता घाई बघा ह्येंची!"